कथापरिचय : सर्वांत शहाणी भेट

वाचकहो, ज्या घरात पैपैचा हिशेब ठेवून संसार चालवावा लागतो, त्या घरात सण जवळ आला की आनंदाबरोबर काळजीही उंबरा ओलांडून आत येते. प्रेमाच्या माणसाला काही द्यावे, ही इच्छा तर मोठी. आणि हाती शिल्लक असते ती थोडी. ह्या नित्याच्या अनुभवातून ओ. हेन्री ह्या अमेरिकन लेखकाने जी कथा निर्माण केली, तिची ओळख आज आपण करून घेऊ. 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' हे तिचे नाव. १९०५ च्या डिसेंबरात ती न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात प्रथम छापली गेली.

जिम आणि डेला हे न्यूयॉर्कमधील तरुण दांपत्य. जिमचा आठवड्याचा पगार तीस डॉलरांवरून वीसवर आलेला, आणि त्यातले आठ डॉलर घरभाड्यातच जाणारे. नाताळच्या आदल्या दिवशी डेला आपली शिल्लक तीन वेळा मोजते. एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट! वाणी व भाजीवाला ह्यांच्याशी घासाघीस करून साठविलेली ही रक्कम. एवढ्यात जिमला काय द्यावे?

ह्या घरात मोलाच्या वस्तू दोनच : जिमचे वडिलोपार्जित सोन्याचे घड्याळ आणि डेलाचे गुडघ्यांखाली पोहोचणारे केस. डेला केस विकते. वीस डॉलर मिळतात, म्हणजे पतीचा बरोबर एका आठवड्याचा पगार. एकवीस डॉलरांना ती घड्याळासाठी प्लॅटिनमची साखळी घेते. संध्याकाळी जिम घरी येतो आणि तिच्याकडे पाहून स्तब्ध होतो. त्याने आणलेल्या पुडक्यात असतात कासवाच्या कवचाचे रत्नजडित कंगवे, डेलाने दुकानाच्या काचेतून कितीदा तरी डोळे भरून पाहिलेले. आणि ते विकत घेण्यासाठी त्याने घड्याळ विकलेले असते!

पाहता पाहता दोन्ही भेटी निरुपयोगी ठरतात. बाळ येशूच्या दर्शनास सोने, ऊद आणि गंधरस घेऊन आलेल्या पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांवरून कथेला नाव मिळाले आहे. आणि ह्या दोन वेड्या मुलांनाच लेखक अखेर सर्वांत शहाणे ठरवितो. हे कसे? आपल्या मते त्याचे उत्तर हिशेबातच आहे. दोघांपैकी एकानेही कर्ज काढले नाही, की घरखर्चाला हात लावला नाही. जे दिले ते स्वतःजवळच्या अत्यंत प्रिय वस्तूचे मोल होते. केस पुन्हा वाढतील. वाडवडिलांचे घड्याळ मात्र परत यावयाचे नाही. तरीही जिम तक्रारीचा एक शब्द काढत नाही. कोचावर अंग टाकून तो हसतो, आणि भेटी तूर्त बाजूला ठेवून जेवणाची तयारी करावयास सुचवितो.

ओ. हेन्रीचे खरे नाव विल्यम सिडनी पोर्टर (१८६२–१९१०). बँकेतील अफरातफरीच्या आरोपामुळे तो होंडुरासला पळून गेला होता. त्याच्या चरित्रात एक हृद्य नोंद आढळते. मागे राहिलेली त्याची क्षयग्रस्त पत्नी ॲथॉल हिने स्वतः विणलेला लेसचा रुमाल पंचवीस डॉलरांना विकला आणि त्या पैशांतून नाताळची भेट म्हणून त्याला एक पेटी पाठविली. पेटी भरताना तिच्या अंगात सणसणून ताप होता, हे त्याला मागाहून कळले. तिचा आजार बळावल्याचे समजताच अटकेची पर्वा न करता १८९७ मध्ये तो परतला. त्याच वर्षी ती वारली. पुढे त्याला तुरुंगवास घडला. कथेचे बीज येथेच आहे असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु अशी भेट काय असते, हे लेखकाने स्वतः अनुभवले होते एवढे निश्चित.

वाचकहो, ही कथा घरात सर्वांनी एकत्र बसून वाचावी. वाचून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा : त्या संध्याकाळी जिम आणि डेला ह्यांच्या घरातून काय गेले, आणि काय आले? मुलांची उत्तरे ऐकून वडीलधाऱ्यांनाही विचार करावा लागेल.