सुटका

मुलांनो, कैद म्हटले की उंच भिंती, लोखंडी गज आणि दारावरचा शिपाई आपल्या डोळ्यांसमोर येतो. लॉइस लॉरी या अमेरिकन लेखिकेच्या 'द गिव्हर' म्हणजे 'देणारा' या कादंबरीत यांपैकी काहीच नाही. तरीही ती कैदेचीच गोष्ट आहे. १९९३ साली निघालेली ही कादंबरी तुमच्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेली आहे.

जोनास हा बारा वर्षांचा मुलगा. त्याच्या गावात कोणी उपाशी नाही, कोणी कोणाशी भांडत नाही. नवव्या वर्षी प्रत्येक मुलाला सायकल मिळते. बाराव्या वर्षी कोणी कोणते काम करायचे, ते ज्येष्ठ मंडळी ठरवतात. मात्र तेथे रंग नाहीत, बर्फ नाही आणि जुन्या काळाची आठवणही नाही. साऱ्या आठवणी एका म्हाताऱ्या माणसाजवळ ठेवलेल्या आहेत. त्याच्यानंतर त्या सांभाळण्यासाठी जोनासची निवड होते.

ही गोष्ट मी नववीच्या वर्गात सांगत होतो. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तिथे भूक नाही, भांडण नाही, दंगल नाही. मग वाईट काय आहे?" मला लगेच उत्तर सुचले नाही. ज्याने संचारबंदीत दिवस काढले आहेत, त्याला असे गाव हवेसेच वाटेल.

उत्तर एका शब्दात आहे. त्या गावात प्रत्येकाने अचूक बोलावे, असा नियम आहे. लहानपणी जोनास एकदा म्हणाला की, मी भुकेने मरतो आहे. तेव्हा त्याला बाजूला घेऊन समजावण्यात आले की, येथे भुकेने कोणीही मरत नाही. (तुमच्या वह्यांत लाल शाईने खुणा करताना मला हा प्रसंग हल्ली आठवतो.) पण याच गावात एक शब्द साफ खोटा आहे. तो म्हणजे 'सुटका'. उर्दूत आपण तिला रिहाई म्हणतो. फार म्हातारी माणसे, पुन्हा पुन्हा नियम मोडणारे आणि अशक्त बाळे यांची तेथे 'सुटका' होते. म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही.

जोनासचे वडील बाळांची देखभाल करतात. जुळी बाळे जन्मली, तर एकच ठेवायचे असते. वडील कमी वजनाच्या बाळाला सुई टोचतात, ते बाळ निपचित पडते, आणि जोनास ते पडद्यावर पाहतो. वडिलांचा आवाज नेहमीसारखाच गोड असतो. ते दुष्ट नाहीत. आपण काय करतो आहोत, हेच त्यांना कळत नाही.

असे प्रसंग मुलांनी वाचू नयेत, म्हणून अमेरिकेत अनेक पालकांनी हे पुस्तक शाळांतून काढण्याची मागणी केली. मला ती पटत नाही. चौथीच्या मुलाला मी ते देणार नाही. नववीच्या मुलाला जरूर देईन. मुलांच्या भल्यासाठी दुःख लपवणे, हेच तर जोनासच्या गावात चालले होते.

पुढे गॅब्रिएल नावाच्या बाळाची 'सुटका' ठरते. जोनास त्याला सायकलवर बसवून रात्रीच पळतो. वाटेत अन्न संपते, बर्फ पडू लागते. आता तो खरोखरच भुकेने मरत असतो. शेवटी खाली दिवे दिसतात. तो तेथे पोहोचतो की नाही, हे लेखिका या पुस्तकात सांगत नाही.

वर्गात यावर दोन तट पडले. त्या मुलीचा प्रश्न मात्र वेगळाच होता, "सर, त्याने धाकट्या बहिणीला बरोबर का नेले नाही?" याचेही उत्तर मला देता आले नाही.