पेरणीचे बी

अमेरिकेतला भाचा परवा फोनवर तावातावाने म्हणाला, “मामा, आमच्या संघाने वाटेल ते देऊन मोठा ‘वाइड रिसीव्हर’ आणायलाच हवा!” तिथल्या फुटबॉलमधला हा लांबचे पास झेलणारा गडी. त्याची किंमत बहुधा नवे खेळाडू निवडण्याच्या हक्कांत मोजतात. २०२२ मध्ये मायामीने पाच हक्क देऊन टायरीक हिल घेतला. त्याला सोडणाऱ्या कॅन्सस सिटीने मात्र २०२३ आणि २०२४ चे सुपर बोल जिंकले. २०२२ मध्येच फिलाडेल्फियाने दोन हक्कांत ए. जे. ब्राउन आणला आणि २०२५ चा सुपर बोल जिंकला. पण त्यांची पुढची फळी आधीच भक्कम होती. मी म्हटले, “कणगी भरलेली असेल तर खुशाल आणा. पेरणीचे बी मोडून पाहुणचार करू नये.” भाचा गप्प झाला. घरच्या खर्चाचेही असेच नाही का?