पेच लढवायचा असेल तर दोरा तुटला पाहिजे

डिसेंबर लागला की आपल्या येवलेकरांच्या ग्रुपवर "ते दिवस गेले" वाल्या पोस्ट सुरू होतात. गोट्या, भोवरा, विटी-दांडू, लगोरी, सागरगोटे, काठीने पळवलेला सायकलचा टायर, काडेपेटीचे छाप. खाली बदामांचा पाऊस. त्याच आठवड्यात पर्सनलवर दुसरा मेसेज फिरतो, "भाऊ, यंदा तो माल कुठे मिळतोय?" तो माल म्हणजे नायलॉन मांजा. सांगायला वाईट वाटतं, पण पुष्कळदा हे दोन्ही मेसेज टाकणारा माणूस एकच असतो.

म्हणून आज जरा स्पष्ट लिहितो. राग आला तर कमेंटमध्ये काढा, पण पूर्ण वाचून काढा.

गोट्या आणि विटी-दांडू गेले त्याला आपला फारसा इलाज नव्हता असं समजू. मोकळ्या जागा गेल्या, गल्लीत गाड्या उभ्या राहिल्या, पोरांच्या हातात मोबाईल आला. पण येवल्याचा एक खेळ अजून जिवंत आहे. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस आपलं गाव धाब्यावर, पत्र्यावर, गच्चीवर राहायला जातं. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली पोरं दिवाळी चुकवतील, पण संक्रांत चुकवत नाहीत. हलकडी वाजते, "वकाट"ची आरोळी उठते, आणि पन्नाशीचा माणूस पोराच्या हातातून आसारी हिसकावून घेतो. लहानपणचा खेळ इतक्या जोरात खेळणारी गावं महाराष्ट्रात किती उरलीत? आणि हा उरलेला खेळ आपणच आपल्या हाताने मारतोय.

कसा, ते समजायला आधी तो खेळ काय होता ते आठवलं पाहिजे.

पतंग तीन दिवस उडायचा, पण त्याची तयारी दिवाळीचे फटाके संपले की सुरू व्हायची. सगळ्यात आधी आसारी माळ्यावरून खाली यायची. बाहेरगावच्या पाहुण्यांना फिरकी किंवा चक्री माहीत असते, आसारी आपली. बांबूच्या पात्यांची, मधून दांडा घातलेली. हात बसलेला माणूस दांडा फिरवायला लागला की दोरा झरझर गोळा होतो. पैठणीच्या घरात रेशमाची लड जिच्यावर चढवून मग कांडीवर घेतात, तिलाही आसारीच म्हणतात. मला तर नेहमी वाटतं की दोऱ्यावर पोट भरणाऱ्या गावाने आपलं कामाचं अवजार उचललं आणि गच्चीवर खेळायला नेलं. मोठी माणसं खाली मागावर बसून धागा तुटू नये म्हणून डोळे फोडायची आणि त्याच घरातली पोरं वर दुसऱ्याचा दोरा तुटावा म्हणून काच कुटत बसायची.

मांजा सुतणं हे चार जणांचं काम होतं. फुटके बल्ब आणि बाटल्या फडक्यात बांधून दगडावर कुटायच्या. ती पूड वस्त्रगाळ करायची. सरस शिजवायचा, त्याचा वास अख्ख्या वाड्यात भरायचा आणि शेजारच्या काकू बोलायला लागायच्या. त्यात रंग आणि पूड घालून लुगदी करायची. मग एकाच्या हातात रीळ, दुसऱ्याच्या हातात लुगदी, तिसरा चिंधीने जास्तीची लुगदी निपटणार आणि चौथा आसारीवर. चौथ्याने घाई केली की ओला मांजा गुंडाळला जाऊन चिकटायचा आणि सगळ्यांची मेहनत वाया जायची. त्याला दिवसभर शिव्या बसायच्या, पण दुसऱ्या दिवशी त्यालाच पुन्हा आसारी मिळायची, कारण पाचवा मेंबर कुठून आणणार?

सगळं सोनेरी होतं असं मी म्हणणार नाही. बहिणींच्या वाट्याला बहुतेक आसारी धरणंच यायचं, पतंग भावाच्या हातात. पतंगाच्या मागे धावताना पत्र्यावरून पडून हात मोडलेली पोरं दर वर्षी दिसायची. कितीतरी घरांत पोरांना आधी कांड्या भरून द्याव्या लागायच्या, मग खेळ. आज मुली बिनधास्त पेच लढवतात हे मला त्या काळापेक्षा चांगलं वाटतं. तेव्हा मी जुनं ते सोनं म्हणायला आलेलो नाही. मला एवढंच सांगायचंय की त्या खेळात एक गोष्ट होती, जिच्यावर सगळा खेळ उभा होता. ती म्हणजे दोरा तुटायचा.

बघा ना, पेच म्हणजे काय? दोन दोरे एकमेकांवर घासतात, ज्याचा आधी तुटेल तो गेला. एकाच जागी घासत राहिला की दोरा तिथेच जातो, म्हणून ढील देणारा सतत नवा दोरा पुढे सारत राहतो. खेचणारा एका झटक्यात निकाल लावायला बघतो. वारा कसा आहे, समोरचा पतंग जड की हलका, त्याचा मांजा ताजा की कालचा, हे सगळं बोटाला कळावं लागतं. ते कळायला दोन-तीन संक्रांती जायच्या. तोवर आपले पतंग कटायचे, आणि कटलेला पतंग ज्याच्या हाती लागेल त्याचा. दहा वर्षाचं पोर दिवसाला दहा वेळा हरायचं आणि अकरावा पतंग बांधायचं. हरण्याची एवढी सवय दुसऱ्या कुठल्या खेळाने लावली?

आता नायलॉनकडे या. सुती दोरा म्हणजे पीळ दिलेले बारीक तंतू. घासला की एकेक तंतू सुटतो आणि दोरा तुटतो. नायलॉन म्हणजे प्लास्टिकचा अखंड तंतू. तो ताणला जातो, वाकतो, रुततो, पण सहजी तुटत नाही. म्हणजे ज्याच्याकडे नायलॉन आहे त्याला ढील यायला नको, खेच यायला नको, वारा कळायला नको. दुकानात पैसे टाकले की पेच जिंकला. मग समोरचाही नायलॉन आणतो. आता दोघांचाही तुटत नाही. पतंग गुंततात, दोघं ओढत बसतात, शेवटी कंटाळून कुठेतरी कापून सोडून देतात. याला पेच म्हणायचं का?

आणि सोडून दिलेला तो दोरा कुठे जातो? तो रस्त्यावर आडवा येतो. मोटारसायकलवर पुढे पोरगं बसवून जाणाऱ्या माणसाच्या गळ्यावर येतो. सुती मांजाही कापतो, नाही असं नाही, पण गाडीच्या वेगाला तो बहुतेक वेळा तुटून जातो. नायलॉन तुटत नाही, गळा चिरत आत जातो. राज्यात कुठे ना कुठे अशी बातमी आली नाही अशी संक्रांत आता जात नाही. झाडावर अडकलेला सुती दोरा एक-दोन पावसाळ्यांत कुजतो. नायलॉन वर्षानुवर्षं तसाच लोंबतो आणि त्यात घार, घुबड, बगळा, कावळा अडकून तडफडून मरतो. शेजारच्या निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, याचा आपल्याला अभिमान आहे. तिथे परदेशातून पक्षी येतात ते नेमके याच हिवाळ्यात. आपण त्यांच्या वाटेवर काय टांगून ठेवतोय?

आणि हो, "चायनीज मांजा" म्हणून चीनवर ढकलून मोकळं होऊ नका. नाव चायनीज असलं तरी यातला बराच माल आपल्याच देशात बनतो, आणि विकत तर आपणच घेतो.

कायदा नाही म्हणावं तर आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. बनवणं, साठवणं, विकणं, वापरणं, सगळ्यावर. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून हा विषय हाती घेतला. पोलीस दर जानेवारीत धाडी टाकतात, गट्टू जप्त होतात, पेपरात फोटो येतो. पण जानेवारीत धाड टाकली तर सापडतो तो कोपऱ्यावरचा छोटा विक्रेता. माल तोपर्यंत घराघरांत पोचलेला असतो. कारवाई करायची तर ती दिवाळीच्या आधी आणि माल जिथून येतो तिथे झाली पाहिजे. हे प्रशासनाला ठणकावून सांगायलाच हवं.

पण सगळं प्रशासनावर टाकून आपण सुटत नाही. गेल्या वर्षी भाचा मला म्हणाला, "मामा, मी एकट्याने सुती लावला तर पहिल्याच पेचात माझा जाईल. सगळे नायलॉनच लावतात." पोराचं चुकत नाही. हाच खरा गुंता आहे. एकट्याने सोडून चालत नाही. सोडायचा तर अख्ख्या गल्लीने एका वेळी सोडावा लागतो. आणि ते पोलिसांना जमणार नाही. ते आपल्याला, म्हणजे गच्चीच्या मालकांना आणि आई-बापांना जमेल. तेरा वर्षाच्या पोराच्या हातात शेकडो रुपयांचा गट्टू येतो तो कोणाच्या खिशातून?

काही जण म्हणतील, आमच्याच सणाला का हात लावता? मंडळी, हात कोणी लावलाय ते बघा. लाहोरचा बसंत एके काळी जगात गाजलेला होता, शहरच्या शहर गच्चीवर असायचं, अगदी आपल्यासारखं. तिथे धातूचा आणि रसायनांचा दोरा आला, गळे कापले गेले, आणि २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पतंगबाजीवरच बंदी आणली. पुढे जवळजवळ दोन दशकं तिथलं आकाश रिकामं राहिलं. तिथे दोऱ्यापायी अख्खा सण गेला. आपल्याकडे अजून बंदी फक्त दोऱ्यावर आहे. ती पाळली नाही तर उद्या कोणी कोर्टात जाऊन पतंगच बंद करा म्हणालं, तर आपण कुठल्या तोंडाने विरोध करणार?

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगतो, तुम्ही भर घाला.

एक, गल्लीचा नियम. प्रत्येक मंडळाने, प्रत्येक गच्चीने दिवाळीतच ठरवावं की नायलॉन घेऊन कोणी वर आला तर आसारी खाली ठेवायची आणि त्याने नुसतं तीळगूळ खायचं. पाहुणा असला तरी.

दोन, मांजा सुतायची आणि पतंग बांधायची स्पर्धा. नगरपरिषदेने किंवा शाळांनी डिसेंबरात एखाद्या रविवारी घ्यावी. आसारी बनवणारे, कामट्या तासणारे हात गावात अजून आहेत. त्यांच्याकडून पोरांना शिकू द्या. लहान मुलांना काच न लावलेला साधा सुती दोराच द्या. त्याने पतंगही उडतो आणि बोटंही शाबूत राहतात.

तीन, पैठणी घ्यायला रोज बाहेरगावचे लोक येतात. दुकानात साडीच्या शेजारी एक छोटी आसारी विकायला ठेवली तर ती बनवणाऱ्याला बाराही महिने काम मिळेल. जो धंदा चार पैसे देतो तो टिकतो. नुसत्या आठवणींवर कारागिराची चूल पेटत नाही.

चार, १६ जानेवारीला सकाळी तासभर. आपापल्या गच्चीवरचा, झाडावरचा, तारांवरचा दोरा गोळा करायचा. तारांना स्वतः हात लावू नका, वीज मंडळाच्या माणसाला बोलवा. शाळांनी किलोवर मोजून बक्षीस ठेवलं तर पोरं झाडं साफ करून टाकतील.

यात अवघड काहीच नाही. पैसाही फार लागत नाही. लागतं ते एवढंच की हरायची तयारी. सुती मांजा लावला तर आपला पतंग कटणार. दिवसातून दहा वेळा कटणार. समोरच्या गच्चीवरून "वकाट" ऐकावं लागणार, आणि खाली मान घालून पुन्हा कणी बांधावी लागणार. लहानपणी आपण हे रोज करायचो. मोठेपणी तेवढं जमत नसेल, तर पोरांना "आमच्या वेळी" म्हणून सांगायचा आपल्याला काही अधिकार नाही.

तुमच्या गल्लीत यंदा सुती मांजा ठरला असेल तर खाली गल्लीचं नाव लिहा. यादी मोठी झाली की ती घेऊन आपण चौघं-पाच जण नगरपरिषदेत आणि पोलीस ठाण्यात जाऊ. ज्यांच्याकडे जुना नायलॉनचा गट्टू पडलाय त्यांनी तो कोणाला देऊ नका, विकू नका. बारीक तुकडे करून टाका, म्हणजे पुन्हा कोणाच्या गळ्यापर्यंत पोचायला नको.