ऐकण्याचा खर्च

परग्रहावरील जिवांच्या हाका ऐकण्यासाठी लाखो डॉलर उधळणे ही श्रीमंत देशांची चैन आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. गंमत अशी, की त्या श्रीमंत देशालाही ती परवडली नाही! १२ ऑक्टोबर १९९२ रोजी 'नासा'ने रेडिओ दुर्बिणींनी हा शोध सुरू केला आणि १९९३ साली सिनेटर रिचर्ड ब्रायन यांच्या उपसूचनेने तो बंद पडला. वर्षाचा खर्च सुमारे १ कोटी २० लाख डॉलर, म्हणजे नासाच्या अंदाजपत्रकाच्या एक हजारांशाहूनही कमी. माझ्या मते ही काटकसर नव्हे, कोतेपणा होता.

हा उद्योग वेडगळ नाही. दूरच्या कोणी हाक मारलीच तर ती कोणत्या लहरीवर मारील, याचा विचार १९५९ साली कोकोनी व मॉरिसन यांनी केला. हायड्रोजन विश्वात सर्वत्र आहे. त्याची २१ सेंटिमीटरची रेडिओ लहर कोणत्याही खगोलज्ञाला ठाऊक असणारच. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँक येथील ८५ फुटी दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळवली. हाती काही लागले नाही. १५ ऑगस्ट १९७७ रोजी मात्र ओहायोतील दुर्बिणीने याच लहरीच्या आसपास एक जोरकस संकेत ७२ सेकंद टिपला. जेरी एहमन यांनी कागदावर त्याच्याशेजारी 'वॉव!' असे लिहिले. (आपण 'अबब!' लिहिले असते.) तो संकेत पुन्हा आला नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला पुरावा मानले नाही. एका अफवेवर गाव पेटवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा संयम जरूर पाहावा.

'इतक्या वर्षांत सापडले काय?' असे विचारतात. समुद्रातून पेलाभर पाणी काढावे आणि त्यात मासा नाही म्हणून समुद्रच ओसाड ठरवावा, तसे हे आहे, असे जिल टार्टर म्हणतात. नासाने हात काढून घेतल्यावर देणग्यांच्या बळावर १९९५ ते २००४ या काळात सुमारे ८०० तारे तपासले गेले. आकाशगंगेत तारे आहेत निदान दहा हजार कोटी!

२०१५ साली युरी मिल्नर या धनिकाने या कामासाठी १० कोटी डॉलर जाहीर केले. त्यांचे आभारच, पण साऱ्या मानवजातीचा प्रश्न एखाद्याच्या मर्जीवर राहावा, हे मला खटकते. कारण उद्या हाक आलीच, तर उत्तर काय द्यावे हा प्रश्न भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांचाही असेल. १९७४ साली अरेसिबोहून पृथ्वीच्या वतीने संदेश गेला, तेव्हा त्यातला मजकूर ड्रेक आणि त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनीच ठरवला होता.