एक भाकरी, दीड वाटी उसळ

तालुक्याच्या गावी जिम निघाली की थोड्याच दिवसांत तिथल्या मुलामुलींच्या मोबाईलमध्ये आहाराचा एक तक्ता फिरू लागतो. सकाळी ओट्स आणि ब्लूबेरी, दुपारी चिकन ब्रेस्ट आणि ब्रोकोली, मधल्या वेळी बदाम, रात्री सामन मासा आणि ऑलिव्ह तेल घातलेला हिरवा पाला. वर लिहिलेलं असतं ४०-३०-३०. म्हणजे दिवसभरात पोटात जाणाऱ्या कॅलरींपैकी ४० टक्के कर्बोदकांतून, ३० टक्के प्रथिनांतून आणि ३० टक्के स्निग्ध पदार्थांतून यायच्या. बॅरी सिअर्स या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञांचं ‘द झोन’ हे पुस्तक १९९५ साली आलं आणि हे प्रमाण जगभर पसरलं. आता या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत हा प्रश्न नेहमीचा झाला आहे: यातलं आमच्याकडे मिळतं काय?

माझं उत्तर असं की, या तक्त्याला लागणारं जवळजवळ सगळं तुमच्या आठवडे बाजारात आहे. ब्लूबेरीसाठी शहर गाठायची गरज नाही. मात्र सामान घरी आणल्यावर ताटातली मापं बदलावी लागतात, आणि तिथेच आपलं घोडं अडतं. म्हणून बाजारात शिरण्याआधी थोडं गणित करू.

आपलं रोजचं ताट घ्या. ज्वारीच्या दोन भाकरी, म्हणजे शंभरेक ग्रॅम पीठ. वाटीभर पातळ आमटी. तिच्यात डाळ असते पंचवीस ग्रॅम, बाकी पाणी. मूदभर भात आणि एखादी भाजी. याचा हिशेब मांडला तर सातशेच्या आसपास कॅलरी होतात आणि त्यातल्या सत्तर टक्के कर्बोदकांतून येतात. प्रथिनांतून येतात जेमतेम बारा टक्के. हे काही एका घरापुरतं नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीतही भारतीय माणसाच्या आहारात कर्बोदकं ६२ टक्क्यांच्या आणि प्रथिनं १२ टक्क्यांच्या आसपास निघाली.

आता आपल्याकडचा सगळ्यांत मोठा गैरसमज. डाळ खाल्ली की प्रथिनांची सोय झाली, असं आपण धरून चालतो. शंभर ग्रॅम मूगडाळीत प्रथिनं सुमारे २४ ग्रॅम असतात हे खरं, पण त्याच डाळीत कर्बोदकं ६० ग्रॅम असतात. ४०-३०-३० ला चार ग्रॅम कर्बोदकांमागे तीन ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसती डाळ खाल्ली तरी ती दीडेक ग्रॅमच देते, आणि आपण तर ती भाताबरोबर खातो. म्हणजे दूध-दही मर्यादेत घेणाऱ्या, अंडी-मासे न खाणाऱ्या घरात हे प्रमाण डाळी-उसळींवर गाठताच येत नाही. तक्ता देणाऱ्याने हे आधी सांगायला हवं. ते न सांगितल्यामुळे कितीतरी जण महिनाभर धडपडतात, मग प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणतात, आणि शेवटी सगळंच सोडून देतात.

दुसरी गोष्ट कॅलरींची. सिअर्स यांच्या योजनेत अन्न ‘ब्लॉक’मध्ये मोजतात. एका ब्लॉकमध्ये ७ ग्रॅम प्रथिनं, ९ ग्रॅम कर्बोदकं आणि सगळा मिळून सुमारे ३ ग्रॅम स्निग्धांश. साधारण पुरुषाला दिवसाला १४ ब्लॉक, बाईला ११. गुणाकार केला तर पुरुषाच्या वाट्याला १३०० कॅलरीसुद्धा येत नाहीत. बैठं काम करणाऱ्या, वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाला हे काही काळ चालेल. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याला, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या बाईला हे अन्न पुरणार नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

मग काय करायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रथिनांची रोजची गरज किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम धरली आहे. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत तृणधान्यांतून येणाऱ्या कॅलरी ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, असं म्हटलं आहे. माझ्या मते आपल्या घरांनी प्रथिनं वीस टक्क्यांपर्यंत न्यावीत, कर्बोदकं पन्नासच्या आत आणावीत आणि तिसाच्या हट्टात पडू नये. एवढं बाजारातल्या साध्या वस्तूंत होतं. एक भाकरी, पन्नास ग्रॅम मटकीची उसळ, दोन अंडी, भाजी आणि तिच्यात दोन चमचे दाण्याचं कूट. याचा हिशेब येतो साधारण ४६ टक्के कर्बोदकं, २० टक्के प्रथिनं आणि ३४ टक्के स्निग्धांश. अंडी चालत नसतील तर पन्नास ग्रॅम पनीर घ्या. फार फरक पडत नाही. मूठभर कोरडी मटकी मोड आणून शिजवली की भरून दीड वाटी होते. दोन भाकरी आणि चमचाभर उसळ हे माप उलटं करायचं आहे.

आता बाजारात शिरू. कडधान्यांच्या पालांपासून सुरुवात करा, आणि हरभरा-मूग-तुरीच्या पुढे जा. घाटमाथ्यावर आणि माणदेशात हुलगे मिळतात, कोकणात त्यांनाच कुळीथ म्हणतात. प्रथिनं बावीस टक्क्यांच्या आसपास. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, कुळथाचं पिठलं हे गरिबाचं खाणं म्हणून मागे पडलं याचं मला फार वाईट वाटतं, कारण पीठच कडधान्याचं असलं की ताटातलं धान्य आपोआप कमी होतं. झुणका-पिठल्याचंही तेच. दाट पिठलं ही आपल्या स्वयंपाकातली फार शहाणी वस्तू आहे. पन्नास ग्रॅम बेसनातून दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं मिळतात, तीही दहा मिनिटांत. खानदेशातली कळण्याची भाकरी ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची असते. धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. अलिबागकडचे कडवे वाल, पावसाळ्यानंतरचे पावटे, घेवडे हे सगळं त्याच रांगेत बसतं.

मोड आणल्याने प्रथिनं वाढतात असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. पचायला हलकं होतं, क जीवनसत्त्व वाढतं, लोह शरीराला जास्त मिळतं. म्हणून मोड जरूर आणावेत. पण वाटीभर मोडांत पाण्याचाच भाग मोठा असतो, तेव्हा माप कोरड्या कडधान्याचं धरा. नाचणीबद्दलही असंच. कॅल्शियमसाठी तिला तोड नाही, मात्र प्रथिनं सातच टक्के, गव्हा-ज्वारीपेक्षाही कमी.

सोयाबीनवर मला थोडं थांबायचं आहे. लातूर, धाराशिव, वाशीम, यवतमाळ, कुठेही जा, खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन. त्यात ३५ ते ४० टक्के प्रथिनं आणि वीसेक टक्के तेल. आपल्या शेतात उगवणाऱ्या धान्या-कडधान्यांत ४०-३०-३० च्या प्रमाणाला नुसत्या बळावर पुरून उरणारं हे एकच. आणि ते पिकवणाऱ्या घरात ते शिजत नाही. ते बाजार समितीत जातं, तिथून गिरणीत. तेल निघतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. दाण्याला उग्र वास असतो आणि कच्चं सोयाबीन पचायलाही वाईट. त्यातला एक घटक प्रथिनांचं पचनच अडवतो. उष्णतेने तो निकामी होतो, म्हणून ते चांगलं भाजून किंवा उकळून वाळवूनच दळायचं. नऊशे ग्रॅम ज्वारीत शंभर ग्रॅम भाजलेलं सोयाबीन घाला. भाकरी थापायला अडचण येत नाही, चव बदलत नाही, आणि किलोमागे पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं वाढतात. ज्यांना तेवढाही खटाटोप नको, त्यांनी किराणा दुकानातल्या सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. पंचवीस ग्रॅम वड्यांत तेरा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि पनीरच्या मानाने त्या फार स्वस्त पडतात.

किनाऱ्यावरच्या माणसाला तर हा तक्ता जवळजवळ घरचाच आहे. मध्यम आकाराचे दोन बांगडे, साठ ग्रॅम तांदळाचा भात, सोलकढी आणि कालवणापुरतं तेल: हिशेब येतो ३९ टक्के कर्बोदकं, २७ टक्के प्रथिनं, ३४ टक्के स्निग्धांश. सामन मासा ज्या ओमेगा-३ साठी तक्त्यात घातलेला असतो, ते बांगड्यात आणि तारलीत, म्हणजे पेडव्यात, भरपूर आहे. सापळा आहे तो भाताचा. मालवणात काय किंवा गोव्यातल्या शीत-कडीत काय, भाताचा डोंगर आणि माशाची एक तुकडी असं ताट वाढलं जातं, आणि मग समुद्र दाराशी असून उपयोग नसतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यासाठी आपल्या आज्यांनी सुक्या बाजाराची सोय लावून ठेवली आहे. सुक्या बोंबलात साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. पंचवीस ग्रॅम बोंबलांत दोन अंड्यांहून जास्त. मीठ खूप असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मगच करावेत. देशावरही मासा अगदीच दुर्मीळ नाही. उजनीच्या पाण्यातली चिलापी भिगवणच्या बाजारात येते आणि काटा सोसत असेल तर पोट भरून मिळते.

अंड्याबद्दल एवढंच: गावरान असो की पोल्ट्रीचं, प्रथिनं सारखीच, सहा ग्रॅम. चवीसाठी जास्त पैसे द्यावेसे वाटले तर द्या, प्रथिनांसाठी देऊ नका.

स्निग्ध पदार्थांत ऑलिव्ह तेलाची अडचण सांगणारे भेटतात. त्या तेलाची महती त्यातल्या एकल असंतृप्त मेदाम्लांमुळे आहे, आणि आपल्या शेंगदाणा तेलात ती निम्म्याच्या आसपास असतात. जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी भाकरीबरोबर असली की उरलेलं काम होतं. जवसातून शाकाहाऱ्याला ओमेगा-३ ही मिळतं. मात्र मूठभर शेंगदाणे खाल्ले म्हणजे प्रथिनं खाल्ली, असं समजू नका. दाण्यात पंचवीस टक्के प्रथिनं आहेत, पण चाळीस टक्के तेल आहे. भाज्यांबद्दल फार सांगायला नको: ब्रोकोलीच्या जागी गवार, घेवडा, शेपू, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू. ताटाचा निम्मा भाग यांनी भरू द्या. फळांत पेरू घ्या. उपासाच्या दिवशी मात्र साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो हे लक्षात ठेवा. त्या दिवशी राजगिरा, दाण्याची आमटी, दही, किंवा श्रीखंडासाठी बांधतो तो चक्का साखर न घालता, यांवर भर द्या.

माप बदलण्याची गोष्ट मी पुन्हा काढतो, कारण ती फक्त तक्त्यापुरती नाही. बहुतेक घरांत सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकरी उरते, उसळ उरत नाही. वजन कमी करायचं म्हणून घरातल्या मुलाला अंडी आणि पनीर मिळतं आणि त्याची आई उरलेल्या आमटीत भाकरी कुस्करून खाते, तेव्हा त्या घराचं प्रमाण बिघडलेलंच असतं. उसळ माणशी मोजून भिजवा, सहा माणसांना सहा मुठी, आणि आधी सगळ्यांच्या वाट्या वेगळ्या काढून ठेवा. त्या सहांत ती आहे.

आणि सरकारकडे वळल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, याचं मोल मोठं आहे. पण ते गहू आणि तांदूळ आहे, म्हणजे मुख्यतः कर्बोदकं. राज्यातल्या शाळांत २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, आणि २०२५ च्या जानेवारीत राज्याने त्यासाठीचा निधी थांबवला. लोकवर्गणीतून जमेल तर द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. ज्या गावात मुलांना अंड्याची सगळ्यांत जास्त गरज आहे, त्याच गावात वर्गणी सगळ्यांत कमी जमते. तो निधी पुन्हा सुरू झाला पाहिजे. आणि रेशनच्या पिशवीत महिन्याला माणशी एक किलो डाळ किंवा कडधान्य आलं पाहिजे. दिवसाला तेहेतीस ग्रॅम, म्हणजे सात-आठ ग्रॅम प्रथिनं. पन्नास ग्रॅमच्या गरजेचा सहावा-सातवा हिस्सा. गोदामं, वाहतूक, दुकानं ही साखळी उभीच आहे. ‘आनंदाचा शिधा’ वाटला तेव्हा हरभराडाळ याच दुकानांतून घरोघरी पोचली होती.