केवळ शिरगणतीचा भरवसा
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारतास २-१ असे नमविले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार आपणांस बंद झाले. एवढ्या प्रचंड देशात अकरा खेळाडू निपजू नयेत, ही त्यानंतरची हळहळ भाबडी होती. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रताफेरीत आइसलंडने हॉलंडला दोन्ही वेळा हरविले. त्या देशाची वस्ती तेव्हा जेमतेम सव्वातीन लाख. आपल्या हिंगोली जिल्ह्याची २०११ सालीच पावणेबारा लाखांवर होती! तथापि आइसलंडने आधी छपराखालची मैदाने उभारली, मुलांसाठी प्रशिक्षित मार्गदर्शक पगारावर नेमले. नुसत्या शिरगणतीला अर्थशास्त्र भांडवल म्हणत नाही. कळमनुरी-सेनगावच्या शाळकरी मुलांना असा मार्गदर्शक कोणत्या तरतुदीतून मिळणार, हे जिल्हा नियोजन समितीने सांगावे.