उसनवारीचा खेळ

फ्रेंच फुटबॉलमध्ये बोर्दो हे नाव एके काळी दबदब्याचे होते. सहा वेळा देशाचे विजेतेपद. त्यातले शेवटचे २००९चे, लोराँ ब्लाँ यांच्या मार्गदर्शनाखाली; लियाँची सलग सात वर्षांची सद्दी याच संघाने मोडली. झिनेदिन झिदान युव्हेंटसला गेला तो इथूनच. २०२४च्या उन्हाळ्यात या क्लबने व्यावसायिक दर्जा सोडला आणि तो थेट चौथ्या श्रेणीत जाऊन बसला. त्याआधीच्या हंगामात तो दुसऱ्या श्रेणीत बारावा होता, म्हणजे मैदानावर सुरक्षित होता. बुडाला तो खातेवहीत.

ही घसरण एका रात्रीतली नव्हे. १९९९पासून क्लब एम-६ या दूरचित्रवाहिनीकडे होता. तिने २०१८मध्ये तो अमेरिकी गुंतवणूकदारांना विकला. पुढे सगळी सूत्रे किंग स्ट्रीट या गुंतवणूक निधीकडे आली आणि एप्रिल २०२१मध्ये या निधीने ‘यापुढे पैसा नाही’ असे सांगून हात वर केले. जेरार्ड लोपेझ यांनी क्लब घेतला. त्यांनी आधी लील क्लब चालवला होता आणि तो सोडला तेव्हा लीलवर कर्जाचा डोंगर होता. तरीही बोर्दोच्या किल्ल्या त्यांच्याच हाती गेल्या. पहिल्याच हंगामात संघाने ३८ सामन्यांत ९१ गोल खाल्ले आणि तळाला राहून तीस वर्षांनी पहिली श्रेणी गमावली.

फ्रान्समध्ये क्लबांचे हिशेब तपासणारी डीएनसीजी नावाची यंत्रणा आहे, आणि ती खरोखर दात असलेली आहे. जून २०२२मध्ये तिने बोर्दोला तिसऱ्या श्रेणीत ढकलण्याचा निर्णय दिला. महासंघाने जुलैत तो फिरवला. क्लब वाचला, शहर आनंदले. आज मागे वळून पाहता हिशेबनीसांचेच बरोबर होते. पुढच्या हंगामात पुन्हा वर येण्याची आशा अखेरच्या दिवसापर्यंत जिवंत होती. पण रोदेझविरुद्धच्या सामन्यात गोल करणाऱ्या रोदेझच्या खेळाडूला एका प्रेक्षकाने मैदानात घुसून ढकलले, सामना थांबला आणि तो रोदेझला बहाल झाला. त्या दिवशी बढती मिळाली असती तर पहिल्या श्रेणीचा पैसा आला असता, असा युक्तिवाद होतो. ज्या क्लबचे भवितव्य एका धक्क्यावर टांगलेले असते, त्याचा ताळेबंद आधीच कोलमडलेला असतो.

जुलै २०२४मध्ये लिव्हरपूलच्या मालकांशी, फेनवे समूहाशी, चाललेली विक्रीची बोलणी फिसकटली आणि सगळेच आटोपले.

दोष एकट्या मालकांचा नाही. लीगने २०१८मध्ये मीडियाप्रोशी वर्षाला ८० कोटी युरोंहून मोठा प्रक्षेपण करार केला आणि क्लबांनी तो पैसा हातात पडण्याआधीच खर्चाच्या बाजूला मांडला. २०२०च्या अखेरीस करार कोसळला. पुढे २०२४मध्ये आलेला डॅझोन हा प्रक्षेपकही एका हंगामात निघून गेला. म्हणजे क्लब उसन्या पैशावर आणि लीग उसन्या आशेवर!

सर्वांत मोठी किंमत मोजली ती मालकांनी नव्हे. व्यावसायिक दर्जा गेल्यावर प्रशिक्षण केंद्र बंद झाले. ज्यूल कुंदे आणि ओरेलियाँ चुआमेनी याच केंद्रात घडले. २०२२च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोघे फ्रान्सकडून उतरले. दोघांनाही क्लबने ऐन उमेदीत विकले होते, तूट भरून काढण्यासाठी पोटचे विकण्याचाच हा प्रकार. कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. ४२ हजार आसनांचे नवे स्टेडियम मात्र त्याच्या खर्चासकट शहराच्या माथी उभे आहे.

खरे तर बोर्दोला हा धडा नवा नव्हता. १९९१मध्ये अध्यक्ष क्लोद बेझ यांच्या काळातल्या कर्जापायी याच क्लबला दुसऱ्या श्रेणीत धाडले होते, संघ दहावा आलेला असतानाही. वर्षभरात तो परत वर आला, म्हणून बहुधा ती शिक्षा विसरली गेली.

डीएनसीजीचे अधिकार कमी करा, अशी कुरकुर फ्रेंच क्लबांत अधूनमधून होते. ते वाढवायला हवेत. मालकी बदलतानाच खरेदीदाराचे स्वतःचे भांडवल किती आणि कर्ज किती हे जाहीर व्हावे, आणि किमान तीन हंगामांच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत जमा असावी. तपासनीसांचा निकाल अपिलात फिरवायचा असेल, तर फिरवणाऱ्यांनी त्याची कारणे आकड्यांसह लेखी द्यावीत. २०२२मध्ये एवढे झाले असते तर बोर्दो कदाचित तिसऱ्या श्रेणीत गेला असता, पण प्रशिक्षण केंद्राचे दार उघडे राहण्याची शक्यता अधिक होती.